सासऱ्यांची पांढरी चादर

सासऱ्यांच्या पाठीवरची काळपुळी कापली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. साखर फार वाढलेली आहे, आत पू झाला तरी त्यांना दुखणार नाही, म्हणाले. पांढऱ्या चादरीवर झोपवा आणि डाग दिसला की लगेच घेऊन या.

मला धडकीच भरली. नवरा कामाला परगावी, सासूबाई हयात नाहीत आणि सासरे सुनेसमोर कधी अंगातली बंडीही काढत नाहीत. पाठ बघायची कोणी? मलमपट्टीवाला वडनेर भोलजीहून एक दिवसाआड यायचा. मधल्या दिवशी माझा सगळा भरवसा चादरीवर.

सासूबाईंच्या पेटीतल्या पांढऱ्या चादरी घड्यांवर पिवळ्या पडल्या होत्या. पिवळ्यावर पिवळं काय दिसणार? घाईघाईत मी त्या बोअरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकून भिजवल्या. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, बादलीचा तळ बघितला तरी कळतं. पण भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठली? बाहेर काढल्या तर जागोजागी तांबूस ठिपके. स्वतःवरच इतकी चिडले की बादली लाथाडली.

नळाला पाणी आलं तेव्हा त्या पाण्यात सगळं पुन्हा केलं. ठिपक्या-ठिपक्यावर लिंबू-मीठ चोळून चादरी उन्हात टाकल्या. सासरे ओट्यावरून बघत होते.

"हे काय करून राह्यली, सूनबाई?"

"लोखंडाचे डाग हायेत, मामाजी. लिंबानं जातेत."

ठिपके गेले. मग सोड्याच्या पाण्यात उकळून शेवटी थोडी नीळ दिली. चादरी इतक्या पांढऱ्या निघाल्या की बरं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली. आता त्यांच्यावर काही लपणार नव्हतं.

रोज सकाळी सासरे तोंड धुवायला गेले की मी आधी चादर बघायची, मग चहा टाकायची.

एक दिवस चादर मधोमध ओली लागली. वाकून वास घेतला, तर लिंबाचा. या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. चादर उजेडात धरली. चोळून चोळून सूत विसविशीत झालं होतं आणि डागाची पिवळट कड तशीच होती.

ते दारात येऊन उभे राहिले. "लोखंडाचा डाग होता," म्हणाले.

"लोखंडाचा असता तर गेला असता, मामाजी."

ते खाटेवर टेकले. "पुन्हा नेतीन मले तिथं. पुन्हा कापतीन."

इतके दिवस मी माझ्याच भीतीत होते. हा माणूसही रात्रभर जागा राहून भीत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बाहेर जाऊन फोन करून गाडी बोलावली.

परत आले तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. बंडी त्यांनी आपल्या हातानं वर धरली होती.

"पाह्य बाई," म्हणाले.