चंद्र कुणाबरोबर गेला

भुईगावात पौर्णिमा जवळ आली की क्लेमेंटीनकाकूच्या फाटकाशी कुणी ना कुणी थांबायचं. कुणाच्या मुलाची मुलाखत असायची, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची सून दिवसांत असायची. आत न येताच सांगायचे, "क्लेमेंटीन, या वेळी आमच्यासाठीपण म्हण हां." काकू मान हलवायची. मग पौर्णिमेला सूर्य बुडायच्या आत तिच्या घराच्या दारंखिडक्या बंद व्हायच्या, त्या उजाडेपर्यंत उघडायच्या नाहीत. आत ती जपमाळ म्हणत बसते, तिनं कसलातरी नवस बोललाय, असा सगळ्या आळीचा समज होता. तो कुणी सुरू केला हे कुणालाच आठवत नाही. तिनं तो खोडून काढला नाही, एवढं खरं.

जपमाळ ती म्हणायची, हेही खरं. सांगितलेली नावं कागदावर लिहून घ्यायची आणि एकेकासाठी म्हणायची. पण दारं तिनं त्यासाठी लावलेली नसायची. तिला चंद्राची भीती वाटायची.

तिची मुलगी ॲंजेला माझी शाळेपासूनची मैत्रीण. त्या घरात मी किती वेळा जेवलेय याची गणती नाही. तरी हे मला कळलं ते मागच्या वर्षी. ॲंजेलालाही तेव्हाच कळलं.

क्लेमेंटीनकाकू चोपन्न वर्षांची, बुटकी, चपळ बाई. घरामागे वाडी आहे, वाडीत सोनचाफ्याची वीस झाडं. पहाटे ती आणि तिचा नवरा, व्हिन्सेंटकाका, फुलं काढतात, ओल्या केळीच्या पानात बांधतात, आणि टेम्पो येऊन ती घेऊन जातो. पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस मात्र ती सूर्य वर आल्याशिवाय वाडीत पाऊल टाकायची नाही, आणि पुढेही कपाळावर फडकं ओढून, मान खाली घालूनच फुलं काढायची. त्या दिवसांत ती येईपर्यंत फुलं पुरती उमललेली असायची, व्यापारी कुरकुरायचा. काकाला वाटायचं, रात्रभर माळ म्हणून ती दमते. तो एकटाच जमेल तेवढी काढायचा.

स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं होती. एक चर्चचं, संतांच्या सणांचं. दुसरं तिथ्यांचं. फुलांचा धंदा, एकादश्या-चतुर्थ्या कळायला हव्यात, म्हणून त्याचं कुणाला नवल नव्हतं. काकूचे वडील खाडीत खेकडे धरायला जायचे. तिथीवरून भरतीची वेळ काढायला त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. तेच गणित तिनं पुढे चंद्रासाठी वापरलं. पौर्णिमेनंतर तो रोज दोन घटका उशिरा उगवतो. कुठल्या संध्याकाळी कुठवर बाहेर थांबता येईल हे तिला मिनिटाच्या हिशेबानं सांगता यायचं. ज्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती, त्याचं वेळापत्रक आळीत तिच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. शुद्ध बीजेनंतरच्या संध्याकाळी चर्चला जाताना ती छत्री उघडायची. "दव पडतं, डोकं धरतं," म्हणायची. पावसाळ्यात आभाळ भरलेले चार महिने तेवढी ती मोकळी असायची.

जुलैत ॲंजेलाचं लग्न ठरलं. मुलगा गास गावचा, शेल्डन. नाताळाआधीच्या आगमनकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे जानेवारीतल्या हॉलसाठी झुंबड असते. पहिला रविवार मिळाला तसा सगळ्यांना आनंद झाला. रात्री काकूनं तिथ्यांच्या कॅलेंडरवरून पुढच्या वर्षाचा हिशेब केला. आदला शनिवार, पौर्णिमा.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे उंबराचं पाणी असतं. बॅन्ड लावून सगळी आळी विहिरीवर जाते. नवरीची आई पहिला घडा भरते आणि तो स्वतः घरी आणते. त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. आईच्या बदली मावशी-आत्याही आणते, पण ते आई नसलेल्या मुलींच्या बाबतीत.

दोन दिवस काकू तो हिशेब पुन्हा पुन्हा करून बघत होती. तिसऱ्या दिवशी ॲंजेलाला म्हणाली, "बाय, एक सांगायचंय. हसायचं नाही."

ॲंजेला हसली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकी वर्षं? मग पप्पांना?"

"त्यांना वाटतं मी भाविक आहे," काकू म्हणाली. "लग्नच त्या समजुतीवर टिकलंय."

एव्हरशाईन सिटीत एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आर्या नावाच्या समुपदेशक बसतात. वय तिशीचं. काकू पहिल्या दिवशी पर्स पोटाशी धरून खुर्चीच्या काठावर बसली होती. ॲंजेलाच्या आग्रहानं मीही बरोबर गेले होते. वेडबीड ठरवतील या तयारीनंच काकू आली होती. आर्यामॅडमनी मात्र विचारलं, "चंद्र नेमकं काय करतो?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. तिनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "मागे येतो."

"म्हणजे?"

"मी चालले की चालतो, मी थांबले की थांबतो. घरं मागे पडतात, माड मागे पडतात, हा पडत नाही. सांगा ना मॅडम, असं दुसरं कोण करतं?"

मॅडम हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

भीती कुठून आली, याचा शोध दोन-तीन भेटी चालला. लहानपणी गोवर आलेला असताना ओटीवर झोपवलं होतं, तेव्हाची असेल. वडिलांच्या खांद्यावर बसून खाडीवरून येताना ते "बघ, तुला न्यायला आलाय" म्हणायचे, त्याची असेल. आईलाही चांदण्यात झोपलेलं चालायचं नाही. काकूला यातलं एकही कारण पुरेसं वाटेना. "वडील थट्टा करायचे, मी हसायचे," ती म्हणाली. मला वाटलं होतं, आता एखादी दडलेली गोष्ट बाहेर येईल आणि सगळं उलगडेल. कथा वाचायची सवय. मॅडम म्हणाल्या, "कारण मिळालं तर बरंच. नाही मिळालं तरी काम अडत नाही. मावशी, तुम्ही दार लावता तेव्हा बरं वाटतं ना?"

"लगेच."

"तिथंच तर गोची आहे. मन म्हणतं, दार लावलं म्हणून वाचलो. न लावता काय झालं असतं, हे त्याला बघायलाच मिळत नाही. आपण त्याला हळूहळू बघू द्यायचं. भीती चढते, पण चढतच राहत नाही. थांबून राहिलं की उतरते."

मग दोघींनी मिळून पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला भीतीचे आकडे, शून्य ते शंभर. चंद्र असा शब्द लिहिणं, वीस. लहान मुलाच्या चित्रातला चंद्र, तीस. फोटो, पन्नास. खिडकीतून चतुर्थीची कोर, सत्तर. पूर्ण चंद्राखाली अंगणात उभं राहणं यापुढे काकूनं शंभर लिहिले, मग खोडून एकशे दहा केले. अट एकच. आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. छत्री नाही. आणि माळही हातात नाही.

इथं काकू ताठ झाली. "देवाला बाजूला ठेवू?"

"देवाला नाही, मावशी. डोळे मिटायच्या निमित्ताला."

त्या दिवशी रिक्षात ती घरापर्यंत पर्समधली माळ चाचपत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "पोरगी हुशार आहे."

ऑक्टोबरात मॅडमनी तिला दिवसाचा चंद्र बघायला सांगितलं.

"दिवसा कुठला चंद्र?"

"पौर्णिमेनंतर आठवडाभर सकाळी पश्चिमेला असतो. नऊ-दहापर्यंत."

काकूचा विश्वास बसेना. उजाडलं की चंद्र संपला, या हिशेबावर तिनं आयुष्य बेतलं होतं. षष्ठीच्या सकाळी साडेआठला व्हिन्सेंटकाकाच्या आधारानं ती वाडीत उभी राहिली आणि त्यानं बोट दाखवलं तिकडे बघितलं. माडांच्या शेंड्यांवर, निळ्या आभाळात, धुवून धुवून विरलेल्या कापडाचा तुकडा असावा तसा तो होता. उजाडल्यावर आपण चाफा काढत होतो तेव्हाही हा डोक्यावर होता, हे तिच्या लक्षात आलं. ती घाबरण्याआधी चिडली. "तीस वर्षं! तीस वर्षं हा इथंच होता, आणि मी फडकं बांधून फुलं काढतेय!"

काकाला तोवर सगळं सांगून झालं होतं. त्यानं ते कसं घेतलं ते मला माहीत नाही, पण पहिल्या दोन दिवसांची उलटसुलट बोलणी झाल्यावर मॅडमचा गृहपाठ तोच जास्त मनावर घेत होता. त्या आठवड्याचा गृहपाठ दोघांचा होता. वाडीच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभं राहायचं, एकानं उत्तरेला चालायचं, दुसऱ्यानं दक्षिणेला, आणि चंद्रावर नजर ठेवायची.

"कुणाबरोबर गेला?" काका टोकावरून ओरडला.

"माझ्याबरोबर!"

"खोटं बोलू नको. माझ्याबरोबर आलाय. हा काय, केळीच्या वर!"

"तुझ्याबरोबर कसा येईल, तो इकडे चाफ्यावर आहे!"

पुन्हा मध्ये आले, पुन्हा चालत गेले. जागा बदलून बघितल्या. चौथ्या फेरीला आवाज इतके चढले की शेजारची इझाबेल कुंपणाशी आली. "सकाळी सकाळी कशावरून भांडता रे?"

"चंद्रावरून," काका म्हणाला.

"तो कुणाच्याच बरोबर जात नाही," काकू म्हणाली. ती धापा टाकत होती, पण तिचं लक्ष इझाबेलकडे नव्हतं. "इतका लांब आहे की आपण चाललेलं त्याला पोचतच नाही. माड जवळचे, म्हणून ते मागे जातात. कळलं का तुला, व्हिन्सेंट?" मग तिला इझाबेल दिसली. आणि त्याच दमात तिनं सांगून टाकलं. "इझाबेल, माझा नवसबिवस काही नव्हता. मला त्याची भीती वाटायची, म्हणून मी दारं लावत होते."

इझाबेल बघतच राहिली. "मग माझ्या ॲल्रॉयचा व्हिसा?"

"माळ म्हटली होती त्याच्यासाठी. पण भीत भीत."

इझाबेलनं जरा विचार केला. "भीत भीत म्हटलेली पण पोचत असेल," ती म्हणाली आणि आत गेली. पण दुपारपर्यंत आळीत बातमी झाली. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला फाटकाशी कुणी आलं नाही. काकूनं कागद-पेन काढून ठेवलं होतं. ते तिनं परत खणात टाकलं. "घर मोठं झाल्यासारखं वाटतं," ती ॲंजेलाला म्हणाली. बरं होताना हेही जाणार आहे, असं मॅडमनी पायऱ्यांत कुठं लिहिलं नव्हतं.

त्याच रात्री खिडकीतून पूर्ण चंद्र बघायची पायरी होती. दोन मिनिटांत ती पळाली आणि न्हाणीघरात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून म्हणाली, "माझ्या नणंदेला, शर्लीला, सांगते घडा आणायला." मॅडम म्हणाल्या, "सांगून ठेवा. आणि आज पुन्हा खिडकी उघडा." तिनं उघडली. डिसेंबरात ती अंगणात उभी राहिली, आठ ते साडेआठ, काकाचा हात धरून. ऐंशीवरून पस्तीस.

जानेवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी शर्ली मोतिया रंगाची साडी नेसून तयार होती, कदाचित लागली तर. बॅन्ड सव्वासहाला निघाला. विहीर घराच्या पश्चिमेला, त्यामुळे जाताना चंद्र पाठीशी होता आणि काकू गप्पा मारत चालली होती. तिनं घडा स्वतः भरला. फुलांनी सजवलेला, पितळेचा, जड. तो कमरेवर घेऊन ती वळली आणि चंद्र समोर आला.

तिनं सराव केला होता तो वर चढलेल्या, लहान, पांढऱ्या चंद्राचा. हा नुकता उगवलेला होता. नालासोपाऱ्याच्या इमारतींवर टेकलेला, तांबूस, परातीएवढा. आणि आळी सरळ त्याच्याकडे जात होती.

काकू थांबली. मागची माणसं एकमेकांवर आदळली. घड्यातलं पाणी हिंदकळून साडीवर सांडायला लागलं.

शर्ली पुढे झाली. "दे इकडे. कुणी काही म्हणणार नाही."

काकूनं घडा दिला नाही. डोळेही मिटले नाहीत. बॅन्डवाल्यांना वाटलं, नाचायला थांबलेत. त्यांनी ठेक्याची धून धरली. मुलं नाचायला लागली, मग बायका, मग इझाबेलही. त्या गोल नाचणाऱ्या माणसांच्या मधोमध काकू खांबासारखी उभी होती, ओठ घट्ट, आणि काका तिच्या कानाशी मिनिटामिनिटाला विचारत होता.

"किती?"

"नव्वद."

एक धून संपली, दुसरी झाली.

"आता?"

"गप्प बस जरा." मग, "सत्तर."

मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं झाली होती. ती अजून बघत होती, पण आता तिच्या कपाळाला आठी पडली होती, भाजीवाल्यानं चुकीचं वजन केल्यावर पडते तशी.

"व्हिन्सेंट, डिसेंबरात केवढा होता रे हा?"

"एवढासा."

"मग आज एवढा का?"

"मला काय माहीत. इमारतींच्या शेजारी आहे म्हणून दिसत असेल."

"इमारतींच्या शेजारी कुठला? लांब आहे तो," काकू म्हणाली. घडा सावरून तिनं एक पाऊल टाकलं. "चल बघू पुढे जाऊन."

बॅन्ड घाईघाईनं तिच्या पुढे धावला.

घरी ॲंजेला पाटाशी उभी होती. बॅन्ड एकाच जागी इतका वेळ का वाजतोय हे तिला ओटीवरून ऐकू येत होतं, आणि ती कुणाला विचारत नव्हती. काकू आत आली तेव्हा कमरेपासून पायापर्यंत भिजलेली होती. तिनं घडा खाली ठेवला. ॲंजेलानं आत वाकून बघितलं. पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं.

"सांडलं गं बाय," काकू म्हणाली. "शर्लीला सांगू दुसरा आणायला?"

ॲंजेला पाटावर बसली आणि तिनं केस मोकळे सोडले.

"नको," ती म्हणाली. "ओत एवढंच."