चार बोटं

आन्सेल्मो न्हाव्याने त्या दिवशी चष्मा खिशातच राहू दिला आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

प्राद्वाल गावात माईक म्हणजे आन्सेल्मो. चर्चची सोडत असो, चीजचा बाजार असो की कुणाची मेंढी हरवलेली असो, दुकानाला कुलूप ठोकून हा हजर. त्यामुळे आइस डान्सची राष्ट्रीय स्पर्धा यंदा गावच्या रिंकवर भरली, तेव्हा नावं पुकारायला दुसरं कोण बसणार? परगावच्या जोड्यांची नावं त्याने कागद नाकाला लावून कशीबशी वाचली. शेवटी गावची ओरिएत्ता बर्फावर उतरली तेव्हा मात्र त्याने कागद बाजूला सारला. घरच्या पोरीचं नाव काय वाचून सांगायचं? छाती भरून तो गरजला,

"ओरिएत्ता दालपियाझ आणि रुजेरो बेत्ता!"

टाळीसाठी उठलेले हात अर्ध्यावर थांबले. कारण ओरिएत्ताचा हात धरून उभा होता तो जाकोपो मारेन्गो. रुजेरो तिला सोडून गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

त्याहून वाईट म्हणजे जाकोपो वाकला. हसतमुखाने, एक हात पसरून, चारी दिशांना, अगदी रीतसर. रुजेरोच्या नावाला त्या भल्या पोराने स्वतःचा नमस्कार देऊन टाकला.

आन्सेल्मोने लगोलग दुरुस्ती केली. पण कान कापल्यावर लावलेल्या पावडरीने कान थोडाच जुळतो?

आणि दिवस कुठला, तर नेमका हा! पहिल्या तीन जोड्या राष्ट्रीय संघात राहणार होत्या. ओरिएत्ता एकोणतीस वर्षांची. पहिल्या तीनांत आली नाही तर संघ संपला, आणि संघ संपला की बहिणीच्या हॉटेलात चादरी बदलणं. हे तिला ठाऊक होतं, तसंच खुर्चीत दाढीला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आन्सेल्मोच्या जिभेचा तरी काय दोष? अठरा वर्षं ती दोन नावं एका श्वासात निघत आली होती. या खोऱ्यात मुलगा झाला की आधी हॉकीची काठी आणतात, मग पाळणा. रुजेरोचे पुढचे दोन दात हॉकीत पडले, म्हणून त्याच्या आईने काठी चुलीत घातली आणि त्याला नाचाच्या वर्गात नेऊन सोडलं. वर्गात मुली पंधरा, मुलगा हा एकटा. बोळक्या तोंडाने रडत तो दाराशी उभा होता. नऊ वर्षांची ओरिएत्ता सरकत सरकत गेली, त्याची बाही धरली आणि म्हणाली, "हा माझा." बाकीच्या चौदाजणींनी तिला जन्मभर क्षमा केली नाही.

"यात उचलून फेकाफेकी नाही का रे?" बेकरीवाला उगो दुकानात दर वेळी विचारी.

"ते वेगळे," आन्सेल्मो कात्री थांबवून सांगे. "हे जोडीने नाचतात. एकमेकांपासून फार लांब गेले की गुण कापतात."

"म्हणजे आमच्या बायकोचाच नियम!"

दोघं वाढली. मुलांच्या स्पर्धा झाल्या, मोठ्यांच्या झाल्या. एकदा युरोपात सातवी आली, तेव्हा उगोने त्यांच्या नावाचा पाव काढला. तो दगडासारखा निघाला तरी गावाने संपवला. लग्न कधी, असं आन्सेल्मोने तर दर नाताळाला विचारावं. ओरिएत्ता म्हणे, "काका, दिवसभर त्याचाच हात धरते. संध्याकाळी तरी माझा मला परत मिळू दे की!" दुकान हसे. रुजेरोही हसे, खोट्या दातांनी.

मग एका सकाळी सरावात, तिची कंबर धरून, वळण घेता घेता रुजेरोने सांगितलं की तो लिओंला चाललाय. तिथे जोडीला एक फ्रेंच मुलगी आहे, मोठा शिक्षक आहे. ते दोघं बोलत ते बर्फावरच. तो तरी दुसरीकडे कुठे सांगणार? ओरिएत्ताने वळण पूर्ण केलं. पुढचंही केलं. नाच शेवटपर्यंत नाचली. कठड्याशी उभा असलेला आन्सेल्मो उगोला म्हणालासुद्धा, "आज काय सुंदर नाचतायत रे!" गाणं संपल्यावर तिने त्याचा हात सोडला आणि ती बाहेर आली, ती बूट न काढताच दगडी पायऱ्या चढून गेली. बुटांखालची ती पाती तिने कधी दगडाला लागू दिली नव्हती.

पुढचं वर्ष ती एकटीच सराव करी. डावा हात वर, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. खाली कुणी नाही. आन्सेल्मो सकाळी दुकान उघडायच्या आधी डोकावून यायचा आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही. न्हावी बोलत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं घाबरायची.

मग तोरिनोहून जाकोपो आला. आईने भरून दिलेल्या टोमॅटोच्या बरण्या घेऊन. स्वभावाने लोणी.

"कसा वाटला?" उगोने विचारलं.

"केस दाट आहेत," आन्सेल्मो म्हणाला. "रुजेरोपेक्षा चार बोटं बुटका. पण तिला पडू देणार नाही."

तर स्पर्धेच्या त्या दिवशी संगीत सुरू झालं. पहिलं मिनिट दोघं पाण्यासारखी वाहिली. आन्सेल्मोने माईकवर हात दाबून देवाची करुणा भाकली. मग कोपऱ्यावरचं ते वेगातलं वळण आलं. कुठे काय चुकलं ते त्याला कळलं नाही. एवढंच दिसलं की ओरिएत्ता बर्फावर बसलीय आणि जाकोपो दोन्ही हात पुढे करून तिच्यापाशी वाकलाय. ती उठली. शेवटपर्यंत नाचली. गुण लागेपर्यंत बाकावर जाकोपोने स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर घातलं होतं. ती चौथी आल्याचं आन्सेल्मोलाच पुकारावं लागलं. या वेळी त्याने चष्मा लावला होता.

रिंक रिकामं झाल्यावर तो आतल्या बोळात गेला. ती बाकड्यावर बसून बुटाची नाडी सोडत होती. जाकोपो गाडी आणायला गेला होता.

"पोरी, माझ्या जिभेला आग लागो," तो म्हणाला. "माझ्यामुळे लक्ष उडालं तुझं. जाकोपोच्या पाया पडेन. पंचांना जाऊन सांगतो, फेडरेशनला सांगतो, या म्हाताऱ्याला हाकला पण पोरीला पुन्हा नाचू द्या. दुकानातून तुझा फोटो काढायला सांग, काढतो. अगं, एक शिवी तरी दे! मी रुजेरोचं नाव घेतलं नसतं तर तू पडली नसतीस."

ओरिएत्ताने गाठ सोडवली, बूट ओढून काढला, फडक्याने पातं सावकाश कोरडं केलं. मान वर केली नाही.

"गप्प बसा काका, मीसुद्धा हात त्याच्याच खांद्याच्या उंचीवर टाकला होता."