बारावं कासव

दर रविवारी मी कासवं मोजायला जातो, हे गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते मीच सांगत फिरलो होतो. बंधाऱ्यामागच्या अभयारण्यात पक्षी पाहायच्या मनोऱ्यासमोर पाण्यात एक आडवा खडक आहे. थंडीत साडेनऊच्या सुमारास त्यावर ऊन आलं की कासवं एकेक करून वर चढतात, माना ताणतात आणि मागचे पाय लांब सोडून पडून राहतात. मी दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहितो. जास्तीत जास्त अकरा.

त्यामुळे तळमजल्यावरच्या काकू एका शनिवारी बादली घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांच्या हॉलमध्ये उत्तरेच्या भिंतीला, वास्तूसाठी म्हणून, काचेच्या पेटीत कासव होतं. आणलं तेव्हा रुपयाएवढं, आता ताटलीएवढं. पेटीतलं पाणी हिरवं झालं होतं आणि कुजक्या मासळीसारखा वास जिन्यापर्यंत येत होता.

"देवाचं रूप आहे हो, कचऱ्यात कसं टाकायचं?" काकू म्हणाल्या. "तुमच्या त्या अकरांत बारावं सोडून या."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. त्यांनी कासवाच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली. काकू बादलीला ओवाळत होत्या तेव्हा वासामुळे मी तोंड दुसरीकडे वळवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काठावर बादली कलंडली आणि वहीत बारा लिहून टाकले.

पुढच्या रविवारी खडकावर नऊ होती. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. थंडी कमी झाली असेल, अशी मी समजूत घातली. तिथे पक्षी दाखवणारा जवळच्या गावातला एक गाइड आहे. त्याने माझी दुर्बीण मागून घेतली.

"त्ये मधलं बघा, सर. कानामागं तांबडी रेघ हाय. दुकानातलं हाय त्ये, आपलं नाय."

मी पाहिलं. आपली कासवं लहान, काळपट, पाठीवर मधोमध कंगोरा असलेली. हे त्यांच्या अंगावरून सरळ चालत गेलं. एक घसरून पाण्यात पडलं, परत चढू लागलं, तर याने तोंड उघडून त्याला हाकललं. पाठीच्या खाचांत हळदीचे पिवळे डाग अजून होते.

"ही शहरातली मानसं," गाइड म्हणाला. "घरातली घान बी काढायची आन् वर पुण्य बी घ्यायचं. लय शानी."

"मीच सोडलंय ते."

त्याने दुर्बीण परत दिली. "तुमी? तुमी तर वहीत लिवता."

मला किळस आली. काकूंची, त्या ओवाळण्याची, आणि सगळ्यात जास्त माझी. दुकानाच्या बिलातली चूकही मी परत जाऊन दुरुस्त करून घेतो, आणि त्या बादलीत काय आहे ते वाकून पाहिलं नव्हतं. गाइडच्या होडीतून आम्ही दोनदा जाळं टाकलं. होडी जवळ आली की तेच सर्वांत आधी पाण्यात जायचं.

मी काकूंना स्पष्ट सांगितलं. "पण ते सुटलं ना बिचारं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तिसऱ्या मजल्यावर माझं नाव सुचवलं. तिथले गृहस्थ प्लॅस्टिकचा टब घेऊन आले. टबात तसंच कासव, तशीच तांबडी रेघ.

"मी सोडणार नाही," मी म्हणालो.

"नका सोडू. आम्ही येत्या रविवारी तिकडे सहलीला चाललोच आहोत. जाता जाता टाकू."

मी टब ठेवून घेतला. आता तो आमच्या बाथरूममध्ये आहे. मी दिवसातून दोनदा पाणी बदलतो, त्याची शेवाळी विष्ठा चमच्याने काढतो, आणि हात तीन वेळा धुतले तरी जेवताना वास येतो. ते माझ्याकडे मान वर करून बघतं, मला ते अजिबात आवडत नाही.

"किती वर्षं जगतं हे?" बायकोने नाकाला पदर लावून विचारलं.

"पंचवीस-तीस."

तिने आंघोळीची बादली उचलली आणि बाथरूमशेजारच्या संडासात नेऊन ठेवली.