हाताला लागलं पाहिजे

ज्या वस्तूला हात लावता येत नाही ती वस्तू या जगात नाहीच, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. घर बौद्ध, विचार तर्काचे. त्यामुळे देव त्या घरात आधीपासूनच नव्हते. पुढे त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, पुण्याहून नवा फोन आणून दिला आणि सांगितलं, "बाबा, तुमचे सगळे फोटो आता क्लाउडमध्ये सुरक्षित राहतील." मामांनी त्या ढगालाही तोच न्याय लावला. "कोणी जाऊन बघून आलंय का तिथं?" त्यांनी विचारलं. प्रज्ञानं नाही म्हणून मान हलवली. "मंग कसं मानायचं?" असं म्हणून ते उठले, फोन खिशात घातला आणि शहागंजातल्या आपल्या ठरलेल्या स्टुडिओवाल्याकडे गेले. फोनमध्ये होते नव्हते ते सगळे फोटो त्यांनी कागदावर उतरवून आणले आणि अल्बममध्ये लावले. त्यात फोन खिशात टाकताना चुकून निघालेला छताच्या पंख्याचा एक आणि स्वतःच्या डाव्या चपलेचा एक, असे दोन फोटोही होते. ते काढून टाकूया म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या जावईबापू. निघालाय तर त्याचाबी मान ठेवला पाहिजे." आजही उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पाहुणे अल्बम चाळताना त्या चपलेपाशी जरा थांबतात आणि हे कोण, असं विचारावं की नाही या विचारात पडतात.

मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. कालवा कुठून निघणार, कुठं वळणार, कुणाच्या शेताजवळून जाणार हे शाईनं कागदावर उतरवायचं आणि रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकानं ती हळुवार खरवडून काढायची. त्यामुळे चूक ही दिसली पाहिजे, खरवडली तरी तिची खूण राहिली पाहिजे, असं त्यांना वाटतं. एक बटण दाबलं की चूक झालीच नव्हती असं होतं, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या उशाशी लोखंडी गजराचं घड्याळ आहे. ते पहाटे वाजतं तेव्हा मामांखेरीज सगळी गल्ली जागी होते, आणि मग मामी मामांना उठवतात. खिडकीत सेलची बॅटरी उभी असते. मी एकदा म्हणालो, "मामा, फोनमध्येच बॅटरी आहे की." त्यावर ते म्हणाले, "मंग अंधारात फोन कशानं शोधू?"  कोपऱ्यावरच्या चहावाल्याला ते कधी फोनवरून पैसे देत नाहीत, कारण दिले की त्याच्या टपरीवरचा डबा मोठ्यानं बोलतो. "मी चहा पिलो, हे सगळ्या चौकाला काहून सांगायचं?" त्यांचा डॉक्टर साखर सोडा म्हणून मागे लागलेला असल्यामुळे या बोलण्यात तत्त्वाबरोबर सावधपणाही होता. फोनमधली रस्ता सांगणारी बाई तर त्यांना अजिबात सहन होत नाही. "ती या गावची नाय," एवढं बोलून ते माझी गाडी थांबवतात आणि रस्त्यावरच्या कुणाला तरी पत्ता विचारतात. तो माणूस पत्ता सांगतो, मग गाव विचारतो, मग आडनाव. आम्ही पोहोचतो उशिरा, पण बहुतेक वेळा एखादी ओळख काढून पोहोचतो.

हा हट्ट अडाणीपणाचा नाही. घरातला मिक्सर बिघडला तर मामा स्वतः उघडून दुरुस्त करतात. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. एकदा जुनी कंपासपेटी पुसत बसले होते. सहज म्हणाले, "हिचा हा कोपरा बघा, झिजलाय. माझ्याच बोटानं झिजलाय. फोन कितीबी वापरला तरी त्याच्यातल्या वस्तूंना म्हातारपण नाय येत. आपलं येतं. मंग सोबत कशी व्हायची?" मी हसलो, पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा या स्वभावाची खरी कसोटी लागली. तिनं आमंत्रणाचा सुंदर व्हिडिओ तयार केला. त्यात निळं आकाश होतं, पिंपळाची पानं तरंगत खाली येत होती, मागं बासरी होती आणि एकेका पानावर वधूवरांची नावं उमटत होती. एका संध्याकाळी तिनं तो सगळ्या नातेवाइकांना आणि मामांच्या ओळखीच्या प्रत्येकाला पाठवूनही दिला. मामांनी तो चष्मा लावून शांतपणे बघितला. "छान आहे," म्हणाले. "आता पत्रिका छापू."

"बाबा, हीच पत्रिका आहे!"

"ही कुणाच्या हातात देणार?"

प्रज्ञा चिडली. कागद वाया जातो, लोक पत्रिका रद्दीत घालतात, उन्हातान्हात फिरायचं तुमचं वय नाही, असं बरंच काही ती बोलली, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मामा मुलीचा शब्द सहसा मोडत नाहीत. पण या बाबतीत त्यांनी शहागंजातल्या छापखान्यात जाऊन कागदाची जाडी दोन बोटांत धरून तपासली, अक्षर हाताला उठून लागतं की नाही ते डोळे मिटून चाचपलं, आणि पत्रिका छापून आणल्या. त्या घरोघर द्यायला माझी दुचाकी आणि माझ्या सुट्ट्या ठरल्या, हे मला नंतर कळलं.

मामांसोबत पत्रिका वाटणं हा सोपा प्रकार नव्हता. पत्रिका हातात ठेवून निघायचं, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. आधी जयभीम, मग पाणी, मग ख्यालीखुशाली, आणि मग पत्रिका उघडून ते ती स्वतः पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवत. विनीत, स्नेहांकित, निमंत्रक, सगळ्यांच्या नावांसकट. शेवटी "यायलाच लागतं" असं म्हणत. घरातली माणसं ऐकत, अंगणातलं कुत्रं ऐके, आणि मी तर इतक्यांदा ऐकलं की झोपेतही मला आमच्या चुलत साडूंची नावं हुद्द्यासकट आठवत. तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. ज्या घरी व्हिडिओ पोहोचून जुना झाला होता, त्या घरची माणसंही पत्रिका हातात घेताना उठून उभी राहत.

फुलंब्रीचं घर राहिलं होतं. तिथं मामांचे नोकरीतले दोस्त राहतात, किसनराव. मामा नकाशे काढायचे तेव्हा किसनराव मोजणीच्या पथकात होते. घराणं मेंढपाळांचं, अंगानं उंच, पायानं चपळ. मोजणीची पट्टी खांद्यावर टाकून माळ तुडवायला त्यांच्यासारखा दुसरा नाही, असं मामा सांगतात. दोघांनी कितीतरी कालव्यांच्या कडेला बसून एका फडक्यातली भाकरी खाल्ली होती. निवृत्तीनंतर गाठीभेटी कमी झाल्या, आणि अलीकडे तर दोघांचा संबंध ऑफिसच्या मोबाइल ग्रुपपुरताच उरला होता. त्यातही मामा तो ग्रुप उघडतच नसत; प्रज्ञा बघून सांगायची.

"किसनकाकांकडे जायची काय गरज आहे?" ती त्या सकाळी म्हणाली. "ठणठणीत आहेत ते. रोज सकाळी त्यांचा गुलाबाचा फोटो येतो. माझ्या व्हिडिओला त्यांनी हात जोडले, अंगठाही दिला."

"अंगठा?" मामा चपला घालता घालता थांबले. "किसन माझ्या पोरीच्या लग्नाचं आवतण अंगठ्यावर घेतो व्हय? चला जावईबापू."

हर्सूल सावंगी मागं टाकून आम्ही चौक्याचा घाट चढलो तोवर ऊन तापलं होतं. मागं बसून मामा वाटेतले पाट दाखवत होते. हा आमचा, तो आमचा, इथं किसन घसरून पडला होता. त्यांचा आवाज खुशीत होता. किसनला चांगला झापणार, असंही ते दोनदा म्हणाले.

दार किसनरावांच्या बायकोनं उघडलं. मामांना बघून त्या माउलीचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम गोंधळला. "या की भाऊजी. लई दिवसांनी," म्हणाल्या, आणि पदर सावरत बाजूला झाल्या. आत पडवीत खाटेवर किसनराव पडलेले होते. उजवा हात अंगावर ठेवल्यासारखा निपचित. तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी मामांना बघितलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो शब्द नव्हता.

"लकवा मारला," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "संक्रांतीच्या आसपास. बोलणं गेलं."

मामा उभेच होते. त्यांनी विचारलं, "पण ते रोजचे गुलाब?"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून खाली मान घालून म्हणाली, "मी पाठवते, काका. बाबाच पाठवायचे आधी. मी बंद करणार होते, तर खुणेनं नाय म्हणले. बंद केलं की लोक फोन करत्याल, काय झालं म्हणून विचारत्याल. बाबाला बोलता येईना. कुणाला कळू नये असं त्यांच्या मनात हाय."

मी मामांकडे बघायचं टाळलं. ते आता काहीतरी बोलतील, फोनला, त्या ग्रुपला शिव्या घालतील, असं मला वाटलं. पण ते खाटेजवळ स्टूल ओढून बसले, पाणी प्यायले, पत्रिका उघडली, आणि इतर कुठल्याही घरी वाचली होती तशीच पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. विनीत झाले, स्नेहांकित झाले. निमंत्रकांपाशी ते अडले आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली. वाचून झाल्यावर पत्रिका किसनरावांच्या डाव्या हातात दिली. किसनरावांनी ती छातीवर ठेवली आणि तिच्यावर पंजा पसरला. मग मान हळूच इकडून तिकडं हलवली.

"यायचं जमत नाय म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या.

"दिसतंय मला," मामा म्हणाले. 'यायलाच लागतं' हे त्यांनी त्या एका घरी म्हटलं नाही.

सुनेनंच धीर करून सुचवलं. "काका, लग्नातून व्हिडिओ कॉल लावा ना. मी बाबांना दाखवीन." आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी असला कॉल लावला नव्हता, तो माणूस एका क्षणात म्हणाला, "लावतो. मीच लावतो."

परतताना मामांनी एकही पाट दाखवला नाही. हर्सूलजवळ आल्यावर मागून प्रश्न आला, "जावईबापू, त्याच्यात आवाज दोन्हीकडून जातो का?" त्या रात्रीपासून प्रज्ञानं त्यांना शिकवायला घेतलं. फोन कसा धरायचा, कुठं दाबायचं, बोट भिंगावर येऊ द्यायचं नाही. मामा स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात कॉल लावत आणि मामींना विचारत, "दिसतो का मी?" मामी कणीक मळता मळता म्हणत, "रोजच दिसताय की."

लग्नाच्या दिवशी हॉल भरला होता. भन्तेंनी त्रिशरण-पंचशील द्यायला सुरुवात केली आणि मामांनी फोन उचलला. मी म्हटलं, मी धरतो. मामांच्या एका भाच्यानं म्हटलं, स्टँड लावतो. मामांनी कुणाच्या हातात फोन दिला नाही. "माझा दोस्त आहे," एवढंच म्हणाले. हात दुखला की दुसऱ्या हातात घेत. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, फुलांचा वर्षाव झाला, आशीर्वाद झाले, पोरगी निघताना बापाच्या गळ्यात पडली, आणि या सगळ्यात मुलीचा बाप तोंडासमोर फोन धरून उभा. व्याही मंडळींत कुजबुज झाली की मुलीकडच्यांना मोबाइलचं फारच वेड दिसतंय.

पुढच्या आठवड्यात आम्ही लग्नातले लाडू घेऊन फुलंब्रीला गेलो. मामा येतानाच म्हणत होते, "किसननं तर लग्न आपल्यापेक्षा जवळून बघितलं असंल." किसनराव उशीला टेकून बसले होते, आम्हाला बघून त्यांच्या डोळ्यांत हसू आलं.

"कसं वाटलं लगीन, वहिनी?" मामांनी ऐटीत विचारलं.

वहिनींनी सुनेकडे बघितलं. सून हसू दाबत आत गेली. "भाऊजी, राग नका मानू," वहिनी म्हणाल्या. "लगीन काय दिसलंच नाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचंच तोंड दिसलं. फोनचं भिंग तुमच्याकडंच वळलेलं होतं."

मामांचा चेहरा पडला. "मंग सांगायचं नाय का? फोन तोडायचा होता!"

"तोडत होते की मी. म्हणलं, काहीच दिसंना, बंद करते. तर यांनी माझं मनगट धरलं. सोडंनातच. पोरगी निघाली तवा तुम्ही रडलात ना? तवा हेबी रडले. सगळा वेळ तुमच्याकडंच बघत बसले होते."

 बाहेर एक बैल घुंगरं वाजवत गेला. मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग स्टूल खाटेला अगदी चिकटेपर्यंत पुढं ओढलं आणि किसनरावांचा तो निपचित उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"ऐक," मामा म्हणाले. "सकाळी आम्ही हॉलवर गेलो, तर मांडववाल्यानं खुर्च्याच आणल्या नव्हत्या..." आणि त्यांनी लग्न सुरुवातीपासून सांगायला घेतलं. सून चहा घेऊन आली, तेव्हा नवरदेवाची गाडी अजून वाटेतच होती. किसनराव डोळे मिटून ऐकत होते, आणि मामांना कसलीच घाई नव्हती.