मामांचं चाक आणि साहेबाचं पत्र

मामांच्या मळ्यात विहिरीवर एक मोठे लाकडी चाक उभे होते. त्याच्या आऱ्यांवर लोखंडी गोळे सरकत. एकदा हाताने ढकलले की गोळ्यांच्या भाराने चाक कायमचे फिरत राहील आणि पाणी बैलांशिवाय वर येईल, असे मामा म्हणत. चाक थोडा वेळ फिरे आणि थांबे. मामा वंगण बदलत.

मी अमरावतीला इंग्रजी शाळेत शिकत होते, म्हणून चाकाचे पेटंट मामांच्या नावे मिळावे असा कलकत्त्याच्या सरकारी कचेरीला अर्ज मीच लिहिला. उत्तर आले तेव्हा मामा हात धुऊन, टोपी घालून समोर बसले. आपोआप चालणाऱ्या यंत्राचा विचार करता येत नाही, एवढेच त्यात होते. मी मामांकडे पाहिले आणि म्हटले, "विचार चालू आहे म्हणतात." घरात ते पत्र वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते.

वर्ष गेले. कारंज्याच्या बाजारात कोणीतरी विचारी, "काय पाटील, चाक अजून हातानंच फिरून राह्यलं का?"

मामा शांतपणे सांगत, "चाकात खोट नाही. इंजिनवाल्यायनं साहेबाले दाबून ठेवलं. आपलं चाक निघालं त त्यायचं तेल कोण घेईन?"

हळूहळू लोकांनाही ते पटू लागले. मी मान खाली घालून ऐकत असे.

मग मामांनी ठरवले, पोळा झाला की बैलजोडी विकायची आणि त्या पैशांत स्वतः कलकत्त्याला जाऊन साहेबाला जाब विचारायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यांना गरम तूप-हळद लावत होते. मी जवळ गेले.

"मामा, त्या पत्रात नकार होता. मी खोटं सांगितलं."

त्यांचा हात थांबला नाही. "खोटं काहून?"

मी तुपाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.

"म्हंजे कोणी दाबलं नाही?"

"नाही."

"अर्ज वाचला होता त्यायनं?"

"वाचला होता."

ते बराच वेळ तोच खांदा चोळत राहिले. मग म्हणाले, "मंग जोडी कायले विकू," आणि पान माझ्या हातात दिले. "म्हाताऱ्या बैलाचा खांदा राह्यला. लाव, अन् आवतण दे त्याले."

मी बैलाच्या कानाशी पुटपुटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"मोठ्यानं सांग," मामा म्हणाले. "त्याले ऐकू कमी येते."