एका टरफलात दोन

परभणीच्या आमच्या कचेरीत अर्जांचा उर्दूत तर्जुमा करणारे एक दादा होते. शब्दांच्या इतकं हात धुऊन मागे लागलेलं माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरं नसेल! शब्द भेटला की त्याचं गाव, घराणं, आजोळ विचारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. ताडकळसच्या बाजारात त्यांनी एका माळणीला सांगितलं, "बाई, हा बटाटा पोर्तुगीजांचा." ती उसळलीच, "न्हाई बाबा, पूर्णेच्या अडतीवरलाय. घ्यायचा तर घ्या!" घरी त्यांच्याबरोबर दवाखान्यातले कंपाउंडर अप्पा राहत. वीस वर्षं दोघांची एक चूल. एकदा किल्ली हरवली, तर दादा दारात उभे राहून कुलूप हा शब्द अरबांकडून कसा आला ते सांगायला लागले. अप्पा म्हणाले, "अरब येईपर्यंत मी ओट्यावर बसतो. गुडघे दुखायलेत."

या दोघांवरून कचेरीत कुजबुज चाले. एके दिवशी चहा पिताना मी, तोंडाळ मेला, मोठ्यानं म्हणालो, "आपले लौंडेबाज आज आले नाहीत वाटतं?" सगळे खो खो हसले. दादा दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी शब्दच सोडवायला घेतला. "लौंडा म्हणजे पोरगा. बाज फारसी, म्हणजे खेळणारा. पतंगबाज, कबुतरबाज, तसा. आता सांगा, अप्पा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. यात पोरगा कोण? आणि वीस वर्षं त्याचं पथ्यपाणी बघतोय, यात खेळ कुठला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बघत विचारलं, "मग खरा शब्द कोणता, दादा?"

"बायकांना मिळालाय. हैदराबादेत ऐकला मी. बदामाच्या एका टरफलात दोन गर निघाले की दोन मैत्रिणी एकेक खातात, आणि जन्मभर एकमेकींना दुगाना म्हणतात. फारसी आहे, दु म्हणजे दोन, दुगाना म्हणजे जोडीतलं. काही नुसत्या मैत्रिणी, काही आमच्यासारख्या. बाप्यांसाठी मात्र सगळे शब्द दुसऱ्यांनीच केलेले, तेही शिवी द्यायला." मग खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत दोन चपटे गर होते. "परवा निघाले. अप्पाला म्हटलं, एक खा. तर म्हणतो, ठेव रे, घाई काय आहे?"

त्या पावसाळ्यात अप्पा तापानं गेले. राणीसावरगावाहून त्यांचे पुतणे आले आणि दादा आपल्याच घरात पाहुणे झाले. अग्नी पुतण्यांनी दिला. दादांचं मागणं एवढंच होतं, की दहाव्याला आपल्या हातचं तिळाचं पाणी अप्पाला मिळावं.

गंगाखेडच्या घाटावर त्यांची पाळी आली. गुरुजींनी विचारलं, "मयताशी नातं?" हजार शब्दांची कुळं सांगणारा माणूस नुसता खिसा चाचपत राहिला. थोरला पुतण्या म्हणाला, "नातं न्हाई. शेजारी हायेत." गुरुजींनी तिळाचं ताट बाजूला घेतलं. मी तिथंच होतो. चहाच्या वेळी मला शब्द कसा पटकन सापडला होता! घाटावर मात्र माझी जीभ उचलली नाही.

दादा चार पायऱ्या खाली उतरले. पुडी सोडली, एक गर गोदावरीत सोडला, दुसरा तोंडात टाकला.

गुरुजी ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

"तुम्ही विचारलंत ना," दादा म्हणाले, "ते सांगतोय."

दादांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा दहावा मीच केला. गुरुजींनी नातं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी कोणी नाही. ज्यांचे हे होते, ते आधीच गेलेत. दोघांची नावं एकत्र घ्या."