खोलीसाठी मामा

पाहुणे आले की उभं राहायचं, हात जोडायचे, नाव, इयत्ता आणि संस्थेत कधीपासून आहोत ते सांगायचं. बालगृहात हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की रोडपालीच्या त्या फ्लॅटमध्ये घरमालक आतून आले तशी मी सोफ्यावरून उठलेच. भाड्याने खोली बघायला गेले होते. त्यांनी नुसतं "घरी कोण कोण असतं?" विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. लहानपणापासून संस्थेत, आता बी.कॉम. झाले, कळंबोलीत मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी लागली.

ते खूश झाले. "अगं, आम्ही येतो की तिथे. मुलाच्या वाढदिवसाचं जेवण तिथेच देतो."

काकूंनी शिरा आणला. माझ्या जिद्दीचं कौतुक झालं. मी खोलीचं विचारलं तेव्हा मात्र दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"त्याचं काय आहे बेटा, सोसायटीवाले विचारतात. उद्या काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

"मलाच करा," मी म्हणाले.

काकू हसल्या. "तसं नव्हे गं. मागे कुणीतरी हवं ना."

निघताना त्यांनी लेकीच्या ड्रेसांची पिशवी दिली. मी ती घेतली. जेवण, कपडे, वह्या, आयुष्यभर लोकांनी मला काय काय दिलं. पैसे मोजून मागत होते ती खोली तेवढी कुणी देईना.

महिनाअखेर वसतिगृह सोडायचं होतं. अठरा पूर्ण झाल्यावर पदवीपर्यंत संस्थेने मला पनवेलच्या वसतिगृहात ठेवलं होतं, त्यापुढे नियम नव्हता. मी बालगृहाच्या अधीक्षिका मॅडमना फोन केला. मी शिकले ती त्यांच्यामुळे. दहावीला पहाटे उठवून त्या माझ्याबरोबर जाग्या बसायच्या. त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येत नव्हतं, आणि चीड तर येत होती.

"मॅडम, तुम्ही एकदा घरमालकांशी बोलाल?"

"बोलेन गं. पण जबाबदारी घेते असं नाही म्हणता येणार मला. तुझी फाईल बंद झाली. वसतिगृहातल्या तुझ्या कॉटवर नवीन मुलगी येतेय."

बालगृहातून बाहेर पडण्याआधी आमचं शिबिर झालं होतं. बँकेत खातं कसं उघडायचं, मुलाखतीला कसं बसायचं, सगळं शिकवलं. 'मागे कोण आहे' याला काय उत्तर द्यायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. निरोपाला बादली आणि चादर मिळाली. फोटो काढला. मला वाटतं, फोटोत मी हसतेय.

आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर उरणकडचे, मच्छीमार घरातले. चहाच्या वेळी मी एजंटचा आणखी एक नकार फोनवर ऐकत होते, तो त्यांच्या कानावर गेला.

"परत नाय बोलला?"

"हो, काका."

"तू सांगतंस काय त्यांना?"

"खरं ते सांगते."

"अगो, मासली इकायला बसल्यावर 'कालची हाय' असा कोन सांगतं? उद्या मी येतो."

मी नको म्हणायला हवं होतं. पण महिना संपत आला होता.

उलव्यात चहूकडे बांधकामं. मालक इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, खुर्चीवरही सिमेंटची धूळ. ड्रायव्हरकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"भाची हाय माझी," ते म्हणाले. "आयबाप गावाला, शेती हाय. मी मामा."

"मुलगी सरळ आहे ना?"

"गाय हाय."

मालक हसले, मामांना तंबाखू दिली. विमानतळामुळे जमिनीचे भाव कुठे गेले यावर दोघं बराच वेळ बोलले. माझ्या हातातली पगाराची पावती आणि पदवीचं प्रमाणपत्र कुणी बघितलं नाही. किल्ली मालकांनी मामांच्या हातात दिली. मामांना माझं आडनावही नीट माहीत नव्हतं.

त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण बसमध्ये रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. पंधरा वर्षं मी नीट वागले, नीट शिकले. त्या सगळ्यापेक्षा एका इस्त्रीच्या शर्टाचा शब्द जड निघाला.

खोली चांगली होती. मालकीणबाईही मायाळू. दिवाळी जवळ आली तशा जिन्यात थांबवून विचारायला लागल्या, "गावाला कधी निघतेस? आई वाट बघत असेल." गणपतीत मी सुट्टी मिळाली नाही म्हणाले होते. पुन्हा तेच सांगितलं तर संशय आला असता. वसतिगृहात विचारलं, तर माजी मुलींना मुक्काम चालत नाही म्हणाले. मामांच्या घरात त्यांचीच माणसं मावत नव्हती.

शेवटी वसुबारसेला बॅग भरली आणि महिन्याचं भाडं भरलेल्या खोलीला कुलूप लावलं. खाली मालकीणबाईंनी चकल्यांचा डबा हातात ठेवला. "आईला दे. तिखट जमलंय का विचार हं."

ते चार दिवस मी कामोठ्यात, ऑफिसातल्या एका मुलीच्या पीजीतल्या कॉटवर काढले. ती खरंच गावाला गेली होती. चकल्या रोज थोड्या थोड्या खाल्ल्या, आणि आईला तिखट कितपत चालतं ते ठरवत बसले.